गोडाचा नेम

दोनच? न्हाई, नीट आठवून सांग शबाना — रोज दोन चमचं, का कवातरी? — रोज. बरं. मग माझा बी चहा टाक, पर साखर मी सांगितल्याबिगर घालू नगंस. मला वळखलं न्हाईस व्हय? ते पायगोंडा मिस्त्री, ह्या समोरच्या लेथच्या कारखान्यातलं, अकराला तुझ्या ह्याच बाकड्यावर येऊन बसत्यात — त्येंची बायकू मी, गुणमाला. अगं, घाबरतीस कशाला? भांडायला न्हाई आले. गिऱ्हाइकानं मागितलं, तू दिलंस, तुझा काय दोष? मला फक्त ऐकायचं हुतं, आनि त्येंच्या तोंडनं न्हाई ऐकायचं. त्येंचं तोंड आता मला खरं वाटंना झालंय.

चौदा महिने झालं बघ. ह्येंच्या आतड्यात गाठ निघाली, आपरेशन झालं, मग ती सलायनमधली औषधं — आनि तवाच आमच्या पोराच्या, भरतेशच्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला. साखर म्हंजी कॅन्सरचं खाणं, साखर तोडली की गाठ उपाशी मरती, असं एक माणूस पांढरा कोट घालून सांगत हुता. पांढरा कोट दिसला की आपुन गप ऐकतो, न्हाई का? झालं — दुसऱ्याच दिवशी दोघं बस्तीत, म्हंजी आमच्या देवळात गेलो, महाराजांपुढं हात जोडलं आनि नेम घेतला. ह्येनला बरं वाटंपर्यंत साखर न्हाई, गूळ न्हाई, गोडाचा कण न्हाई. दोघांनी, बरं का. त्येंचा आवाज माझ्यापरास मोठा हुता.

मी पाळला. संक्रांतीला लोकांनी हातावर तिळगूळ ठेवला, मी तो डब्यात टाकला. माझ्या श्रद्धाला पोरगी झाली, बारशाचा पेढा आला — पहिल्या नातीचा पेढा, शबाना! — मी पदराच्या टोकाला बांधला, देवापुढं ठेवला. ह्येनी बी तवा चार माणसांत हात जोडलं, म्हणले, नेम हाय आमचा. मला असं भरून आलतं तवा — वाटलं, असा जोडीदार मिळाय नशीब लागतं. काय? — काय म्हणलीस? — दुसऱ्या दिशी हितं घेऊन आलते? नातीचं म्हणून तुला एक दिला आनि दोन सोता... ह्याच बाकड्यावर. बरं. सांगितलंस त्ये बरं केलंस. न्हाई गं, रडत न्हाई, तुझ्या स्टोचा धूर जातोय डोळ्यात.

आता मला कळलं कसं, तर परवा, गुरुवारी. तपासणी हुती. रिपोर्ट चांगला आला, डॉक्टर हासला, मी बी हासले, म्हणलं साहेब, नेमाचा गुण हाय, चौदा महिने साखर शिवली न्हाई आमी. डॉक्टरनं हातातला पेन खाली ठेवला. म्हणला, आजी, मी तर ह्येनला गेल्या वर्षीच सांगितलं हुतं — चहातल्या साखरंनं गाठ व्हत न्हाई आनि साखर सोडून ती मरत बी न्हाई. लय गोड खाऊन वजन वाढलं तर धोका वाढतो, त्ये येगळं. पर औषधं चालू असताना वजन उतरू द्यायचं न्हाई, जाईल त्ये खावा, म्हणलंवतं. तुमी तवा बाहीर औषधाच्या लायनीत हुतासा. मी ह्येंच्याकडं बघितलं. हे रिपोर्ट पिशवीत कोंबाय लागलं.

वजन! मी बस्तीत सांगत फिरायची, बघा, नेमानं दोन किलो वाढलं. आनि त्ये वाढलं कशानं? तुझ्या चहानं आनि त्या बरणीतल्या क्रीमच्या बिस्किटांनी. घरला जाताना इचारलं, का सांगितलं न्हाई? तर म्हणले, तू एवढं कौतिकानं सांगत हुतीस, तुझं तोंड कशाला पाडू. म्हंजी उपकारच केलं माझ्यावर.

खाल्ल्याचं न्हाई गं मला काय. खावा की, जगला, लय झालं. पर — लगीन होऊन आले तवा माझा पहिला चहा पिऊन सासरच्या समद्यांदेखत म्हणले हुते, पचपचीत हाय. तवापास्नं बत्तीस वरसं मी तीन चमचं घातलं. त्येनी न मागता. त्यो व्हिडिओ बघितला आनि माझ्या मनानं घेतलं — ही गाठ माझ्याच हातानं घातली, चमच्या-चमच्यानं. कुणाला बोलले न्हाई, महाराजांना बी न्हाई. फक्त ह्येनला बोलले, एकदा, बस्तीच्या पायरीवर बसून, रडून. तवा त्येनला डॉक्टरनं सांगून महिना झालता. एक शब्द टाकायचा हुता — तुझ्या साखरंनं न्हाई झालं गं. एवढाच. तर म्हणले, चल, ऊन चढलंय.

तुला कसं बोलून गेले ह्ये मी... जाऊ दे.

नेम सोडताना पहिला चमचा त्येंच्या हातनं खायचा ठरीवलं हुतं मी. साखरंची वाटी घासून ठिवलीय घरात. आता घाल तूच. तुझ्या हातनं. एक. ढवळ. — हं. पचपचीत लागतंय. तुझा चहा न्हाई गं, माझी जीभच तसली झालीया.

ते बघ, कारखान्याच्या दारातनं निघालं. तू उठू नगंस, बस. त्येंचा चहा कर — बिनसाखरंचा. ठावं हाय मला, साखरंनं काय व्हत न्हाई, डॉक्टर मलाच बोललाय. तरी बी बिनसाखरंचा कर. आनि पुढ्यात ठेवताना एक शब्द बोलू नगंस. पिऊ दे. चौदा महिने मी बी असाच प्याले. सरक तिकडं, मला त्येंचं तोंड दिसू दे.