विसातले सात

मंडळी, सरका जवळ! एक विचारतो, खरं सांगा. कुणी आडवं येत नसताना केलेलं काम बघून माणूस ओळखता येतो का हो? हसताय! अहो, मुलगी बघायला जाता, तिला एक पोळी लाटायला लावता. पोळी गोल आली की संसार झाला सुखाचा! असली आपली पारख!

दुसऱ्या कुणाला नावं ठेवत नाही मी. हा बुवा आधी शाळेत खेळाचा मास्तर होता! गळ्यात वीणा नव्हती, शिट्टी होती!

तर ऐका. जिल्ह्याच्या क्रीडा वसतिगृहात बास्केटबॉलसाठी आमच्या शाळेची एक मुलगी घेणार. एकच! आणि पोरी दोन. एक ऊर्मिला खताळ. दुसरी चंद्रभागा — आमच्या अक्काची पोर, माझी सख्खी भाची. या खेळापलीकडं तिला जगात काही दिसत नव्हतं.

चंदाचा नेम कच्चा. पण सामन्यात उतरली की — काय सांगू! चौघी अंगावर आल्या तरी चेंडू बरोबर मोकळ्या मुलीच्या हातात! मी ओरडायचो, "अगं, तू मार की!" ती म्हणायची, "मामा, शैला मोकळी होती ना!"

मला कळत होतं, मंडळी! पण भाची पडली. लोक म्हणतील, मास्तरानं घरचीच पोर पाठवली. मग मी अक्कल लढवली! म्हटलं, सामना नको, वाद नको. दोघींनी वीस-वीस चेंडू रिंगमध्ये मारायचे. समोर अडवायला कुणी नाही. आकडाच काय ते बोलेल!

बोलला. ऊर्मिला अठरा. चंदा — सात!

गाव म्हणालं, "वा मास्तर, काय न्याय!" आणि मी मेल्यानं मान डोलावली!

ऊर्मिला गेली. पहिल्याच सामन्यात एक उंच पोरगी हात वर करून समोर उभी राहिली — ही चेंडू छातीशी धरून थिजली! दिवाळीला परत आली ती खेळाचं नाव टाकूनच. तिचा काय दोष? निवडताना तिच्या आडवं कुणी उभं केलंच नव्हतं मी!

आणि चंदा? पुन्हा मैदानावर आली नाही. पंधरा वर्षांनी, परवा तिच्या घरी गेलो. म्हटलं, "चंदे, चुकलो गं. खेळ तुझाच मोठा होता." तिनं चहा पुढं केला. म्हणाली, "असू दे मामा. मला कुठं येत होतं? विसात सात!"

ऐकलंत? माझा भित्रेपणा, आणि तिनं तो आपला कमीपणा मानला! हात जोडले, तरी पटेना. मला काही सुचत नाही हो मंडळी. खरंच नाही सुचत.

टाळ्या नकोत. "हिला जमत नाही", "ह्याच्यात दम नाही" — तुमच्या घरात कुणी ठरवलं हे? तुम्हीच ना, आपल्याला कुणी बोल लावू नये म्हणून! जा, सांगा त्यांना. उशीर झाला असेल, ते मानणार नाहीत. तरी सांगा. आता हरीचं नाव तुम्हीच घ्या, मोठ्यानं — माझ्या तोंडून आज ते निघत नाही.