बासष्टची रेघ

गणपतराव : आणि हे लाल ठिपके कोणाचे?

संयोगिता : विश्रामकाकांचे, आजोबा. निळे तुमचे. आडव्या रेषेवर तारीख, उभीवर टाकीचं तापमान. सर म्हणाले, घरातली कुठलीही खरी नोंद घ्या आणि ठिपक्यांत मांडा. मग पेटीतलं तुमच्या कारखान्याचं ब्याण्णवचं रजिस्टर काढलं.

गणपतराव : माझे ज्वारी सांडल्यासारखे झालेत. त्याचे बघ, दोरीवर वाळत घातल्यासारखे.

संयोगिता : सगळे बासष्टवर. सर म्हणतात, खरं मोजमाप थोडं तरी हलतंच. सरळ रेघ आली की समजायचं, कोणी मोजलंच नाही.

गणपतराव : तुझे सर पाच वर्षं उशिरा भेटले.

संयोगिता : तुम्हाला माहीत होतं?

गणपतराव : मीटर टाकीच्या डोक्यावर. चाळीस पायऱ्यांची लोखंडी शिडी. विश्रामचे गुडघे गेलेले. तो खाली बाकावर बसूनच बासष्ट लिहायचा. मी बघायचो, बोलायचो नाही. चाळिशी उलटल्यावर मला आकडे गिरवायला त्यानंच शिकवलं होतं, संयू. एके दिवशी तापमान अठ्ठ्याहत्तरला गेलं आणि टाकी फुटली. तो बाकावरच गेला.

संयोगिता : आजोबा, आणखी एक कागद आहे. रागावू नका. पप्पांच्या चोपडीवरून काढलाय, याच महिन्याचा.

गणपतराव : समरचा? जागा तीच, टाकी तेवढी नवी... आणि हीसुद्धा रेघच. बोलाव त्याला.

संयोगिता : आधी शेवटचे चार ठिपके बघा. सोमवारपासून कालपर्यंत. सदुसष्ट, सत्तर, त्र्याहत्तर, सत्त्याहत्तर.

समरजित : संयू, माझी चोपडी दे पाहू. चारची पाळी आहे, कोयलीची बस जाईल.

गणपतराव : समर, शिडी चढतोस का?

समरजित : आता कोण चढतं, आबा? सगळेच खालून लिहितात.

संयोगिता : मग हे चार आकडे कुठून आणलेत, पप्पा?

समरजित : कुठले? मी चारही दिवस बासष्टच लिहिलंय. बघू... हे माझं अक्षर नाही. सातच्या पोटात टिंब कोण देतं?

गणपतराव : मी देतो. मला तसंच शिकवलं त्यानं.

समरजित : आबा, ही काय मस्करी?

संयोगिता : पप्पा, आजोबा आठवडाभर डभोईला आत्याकडे होते. आज सकाळी तर आले.

गणपतराव : आजचा ठिपका कुठे आहे, संयू?

संयोगिता : आजचा आकडा अजून... थांबा. आहे. मघाशी ही ओळ कोरी होती. शाई ओली आहे.

समरजित : किती?

गणपतराव : किती ते विचारत बसू नकोस. कोपऱ्यावरच्या पीसीओवरून फोन लाव. टाकीजवळची सगळी माणसं हटवायला सांग.

समरजित : कोणी मोजलं म्हणून विचारतील. काय सांगू?

गणपतराव : सांग, विश्रामनं मोजलं. चाळीस पायऱ्या चढून. त्या गुडघ्यांनी.