भोंगा होईपर्यंत

मूळचे आम्ही देवगडाकडचे. चौथीत मास्तरांनी छडी मारली, तिथं शाळा सुटली, आणि मुंबईत आलो तो गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहिलो. शिकलो नाही म्हणून अक्कल नाही असं कोणी समजू नये, लालबागला आमच्या गावाचा गाळा होता त्याचा कारभार मीच बघायचो. एक खोली, अठरा माणसं, तीन पाळ्या, म्हणजे एक उठला की त्याच जागेवर दुसऱ्याची वळकटी. म्हणून मी नियम घातलेला, झोपलेल्याला कोणी हात लावायचा नाही, त्याच्या पाळीचा भोंगा होईल तेव्हाच उठवायचं. नियम मोडला म्हणून एका गाववाल्याला ट्रंकेसकट गॅलरीत काढलेला मी.

तुम्ही संयुक्त महाराष्ट्राचं विचारता. सगळे तेच विचारतात, तुमच्या सदाला कोणी मारलं, लाठी होती की दगड होता. सदा माझा धाकटा भाऊ. सकाळी मोर्चाला गेला, गर्दीत मागून फटका बसला, त्यालाच कळलं नाही तर मला काय कळणार? डाव्या कानाच्या वर लागलं, जरा वेळ शुद्ध गेली, मग उठून स्वतःच्या पायांनी गाळ्यात आला. मी रातपाळी करून घरीच होतो. रक्त बोटभर, त्यावर हळद दाबली. तो हसत होता, दादा, आपल्या घरातली डोकी नारळाची, फुटायची नाहीत बोलला. भात-आमटी जेवला आणि मोरीत ओकला. आम्ही बोललो, उन्हात ओरडून पित्त झालं. डोकं ठणकतंय बोलला, दुसऱ्या पाळीला जायचंय, जरा पडतो.

एक वाजता खानावळीची पार्वतीबाय ताटं न्यायला आली. दारातच थांबली. अरे मेल्यांनो, हा घोरतोय की घुसमटतोय, उठवा त्याला. मी बोललो, बाय, आमच्या गाळ्यात झोपलेल्याला उठवत नाहीत. ती बोलली, तुझा गाळा घाल चुलीत, आणि वाकून सदाचा खांदा धरायला गेली, तर मी तिचा हात झटकला. मी. बाईमाणसाचा हात. तू ताटं घे आणि चालती हो बोललो. तीन वाजता भोंगा झाला, तेव्हा नियमानं मी सदाला हलवला. हलला नाही. पापणी उघडून बघितली तर एका डोळ्याची बाहुली भलतीच मोठी.

हातगाडीवर घालून इस्पितळात नेला. तिथला डॉक्टर माझ्यापेक्षा लहान, पण असा ओरडला. बोलला, कवटीला तडा गेला, आतली शीर फुटली, हाड आणि मेंदूच्या मधे रक्त साचत गेलं. माणूस आधी बोलतो, जेवतो, तुम्हाला वाटतं बरा आहे, मग जी झोप लागते ती झोप नसते. दोन तास आधी का नाही आणलात? मी काय सांगणार, नियम होता?

कवटीला भोक पाडून रक्त काढलं. वाचला. पण उजवा हात गेला, बोलणं गेलं, फिट यायला लागली, गोळ्या जन्माच्या. राज्य मिळालं तेव्हा चाळीत पेढे वाटले, सदानं पेढा डाव्या हातानं घेतला, आणि सगळे त्याच्या पाया पडत होते. त्याला एकच शब्द उरलेला, दादा. भूक लागली तरी दादा, रडायचा तरी दादा. मरेपर्यंत मीच भरवलं त्याला. लोक पोलिसांना शिव्या घालायचे, आणि मला वाटायचं उठून एकेकाच्या मुस्काटात द्यावी. त्याला मारणारा एक फटका मारून गेला. पुढचे दोन तास कोणाचे, ते कोणी विचारत नाही.

पार्वतीबायची माफी मागितली नाही मी. ती गेली, राहून गेलं.

परवा सूनबाईचं डोकं माळ्याच्या तुळईवर आपटलं. दुपारी आडवी झाली तर मी चार वेळा उठवली, नाव विचारलं, वार विचारला. बाबा, झोपू द्या हो मला, वेड लागलंय तुम्हाला, असं बोलली. बोलू दे. पोरी, शिव्या घाल, पण तोंड उघडून घाल, शंभर वर्षं घाल. मी ऐकतो.