माठाखालचं मशीन

दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये, हे दिनकररावांना पटत होतं. तरी शिरूरच्या दवाखान्यात बसल्यावर पुस्तकाचं पान काही उलटेना. शेजारी, शेतमजुरांना तापमान नोंदणारं छोटं यंत्र देऊन उन्हाचा अभ्यास करणारी बुशरा निमोण्याच्या सोजराबाईंशी बोलत होती.

"मावशी, कांदा काढताना तुम्हाला चक्कर आली, त्या दुपारी यंत्रात फक्त सव्वीस अंश दिसतायत!"

"बिघडलं व्हय?"

"कमरेला लावलं होतंत ना?"

"न्हाई बाई. तुमची नाजूक वस्तू, उन्हात तापली आन् मोडली मंजी? ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखाली ठिवलं."

"आणि तुम्ही?"

"म्या वाफ्यात. कांदं कोन काढनार?"

"पाणी तरी पीत होता?"

"सारखं उठलं की मुकादम वरडतो. फडकं भिजवाया तेवढी तासातासाला उठायची. मशीनचं काम म्हनल्यावर त्यो गप."

"अहो, तेव्हाच घोटभर प्यायचं!"

"आसं कसं? मशीनसाठी उठलेली ना म्या."

"मावशी, यंत्र आता कमरेलाच लावा. आणि तासातासाला पाणी प्यायचं, तेही मशीनचंच काम."

"खरं सांगती?"

"अगदी खरं."

"मंग मुकादमाला सांगीन, मशीनला तहान लागलीया."