बैलांवर संशय

(जव्हार संस्थान. मोखाड्याच्या वाटेवरचा नाका. चैत्रातली दुपार. मोहाच्या झाडाखाली चौकी, नाक्याचा बांबू वर केलेला, आणि तरीही बरोबर त्याच्याखाली एक बैलगाडी उभी.)

हरिभाऊ : अरे, पण मी थांब म्हटलं का तुला? बांबू वर आहे, दिसत नाही? जा की पुढं!

लाडक्या : मी कुठं थांबलो, शिपाया? बैल थांबलं.

हरिभाऊ : मग हाक त्यांना.

लाडक्या : हाकतोच हाय ना! आजवर इथनं कवा सरळ गेलेत? ह्यांना वाटतं, वाट इथंच सरली.

राही : रागावलास काय रे? दर बाजाराला बोंबलतोस, 'थांब लाडक्या, काय हाय गाडीत?' आन आज जाताना पण, येताना पण, भिताडाकडं तोंड.

हरिभाऊ : रागावलो नाही, राहीबाई. नवा हुकूम आलाय. वाजवी संशय असल्याशिवाय वाटेवरची कोणतीही गाडी थांबवायची नाही.

लाडक्या : वाजवी संशय म्हंजी काय रं?

हरिभाऊ : म्हणजे डोळ्यांना दिसलेलं, नाकाला कळलेलं, कानावर आलेलं असं काहीतरी हवं. नुसतं 'तोंडावरून चोर वाटला' चालत नाही. 'पाड्यावरचा आहे, काहीतरी घेऊन चालला असेलच' हेही चालत नाही.

राही : मग इतकी वर्सं काय चालायचं?

हरिभाऊ : तेच.

लाडक्या : आन हुकूम आमच्यासाठी काढला?

हरिभाऊ : तुझ्यासाठी कोण हुकूम काढतो, लाडक्या? पलीकडच्या नाक्यावरच्या शिपायानं कुणा मोठ्या पाहुण्याची गाडी अडवली आणि लोणच्याच्या बरणीत कोपरापर्यंत हात घातला. पाहुण्यांनी आकाशपाताळ एक केलं. म्हणून कायदा झाला. पण लिहिणारा शिकलेला पडला. 'पाहुण्यांची गाडी' असं लिहायचं सोडून 'कोणतीही गाडी' लिहून बसला. आता तुझी पण त्यात आली.

लाडक्या : बरा माणूस दिसतो.

हरिभाऊ : बरा? तोच आमचा नवा फौजदार. मधुकरराव. आज घोड्यावर बसून नाके तपासत फिरतोय. विनाकारण अडवलेली गाडी दिसली, तर शिपायाचा पट्टा तिथल्या तिथं उतरवणार म्हणालाय. वीस वर्षं—जाऊ दे. हाक, बाबा, हाक! उतर राहीबाई, गाडी हलकी होऊ दे जरा.

राही : मी नाय उतरत.

हरिभाऊ : का?

राही : कंबर धरलीय.

हरिभाऊ : सकाळी जाताना तर चाकाबरोबर चालत होतीस! बसलीस कशावर एवढी घट्ट?

राही : गवतावर.

हरिभाऊ : आणि गवताखाली?

राही : इचारतोस काहाला? संशय हाय?

हरिभाऊ : नाही! अजिबात नाही! मला काही सांगू नका.

लाडक्या : तुझ्यापासून काय लपवायचं, शिपाया? हिच्या भावानं दोन मडकी दिलीत. मोहाची. घरच्या भट्टीची.

हरिभाऊ : अरे देवा. मी आत्ताच म्हणालो ना, कानावर आलेलंही धरतात म्हणून!

लाडक्या : मग कानावर हात ठेवायचा होतास आधी.

हरिभाऊ : घरची भट्टी लावली म्हणजे पायात खोडा, माहीत आहे ना? आणि एवढी दोन मडकी कुणाच्या बारशाला?

लाडक्या : बारशाला नाय. लगीन हाय परवा.

हरिभाऊ : नवसूचं? पोराचं ठरलं आणि मला आता सांगतोस?

राही : नवसूचं मागनं. आधी आमचं.

हरिभाऊ : आमचं म्हणजे कुणाचं?

राही : माझं आन ह्याचं.

हरिभाऊ : तुमचं लग्न झालेलं नाही?

लाडक्या : सवड कुठं झाली? तवा बापाकडं जेवण घालाय भात नव्हता, म्हणून तशीच आणली हिला. मग पोरं झाली, मग दुकाळ आला, मग ती जर्मनची लढाई. पण आईबापाचं लगीन लागल्याबिगर पोराचं लागत नाय आमच्यात. आन नवसूची बायको तं पोटुशी हाय.

राही : आता सुकरी धवलेरी येणार लगीन लावायला. दारूची धार जमिनीवर धरली नाय, तं ती गाणं म्हणत नाय. आन तिनं गाणं म्हटलं नाय, तं लगीन लागत नाय. आमचं नाय, नवसूचं पण नाय. नातू बिनलगनाचा, बाप बिनलगनाचा, आजा बी बिनलगनाचा. ती दोन मडकी गेली तर पुन्हा मोह वेचायचा, वाळवायचा. तोवर पाऊस आला.

हरिभाऊ : लाडक्या, हाक रे बाबा. शेपटी पिरगळ.

लाडक्या : पिरगळली. मोर्‍या मागं बघून हसतोय नुसता.

हरिभाऊ : गेलं! घोडा दिसतोय वळणावर. राहीबाई, पदर पसर नीट. लाडक्या, तोंड उघडू नकोस. तुझं तोंड म्हणजे बिनबुचाची बाटली.

फौजदार : शिपाई!

हरिभाऊ : जी, साहेब. मुजरा.

फौजदार : ही गाडी तुम्ही कोणत्या कारणानं थांबवलीत?

हरिभाऊ : मी थांबवली नाही, साहेब.

फौजदार : मला तर ती थांबलेली दिसते.

हरिभाऊ : थांबलीय, साहेब. थांबवलेली नाही.

फौजदार : हे पाहा, हुकूम मी स्वतः लिहिलेला आहे. संशय असेल, तर तो गाडीवानाला सांगा आणि गाडी तपासा. संशय नसेल, तर पट्टा काढून माझ्या हातात द्या. मधला रस्ता मी त्यात ठेवलेला नाही.

लाडक्या : साहेब, त्याची चूक नाय. बैल आपणच थांबतात इथं.

फौजदार : आपणच? बैलांना नाका कळतो?

राही : माणसांना कळतो, मग बैलांना काय नाय कळायचं?

फौजदार : ठीक आहे, खात्री करू. गाडीवान, गाडी वळवून त्या आंब्यापर्यंत ने आणि परत आण. शिपाई, तुम्ही चौकीच्या मागं जाऊन उभे राहा. खोकायचंसुद्धा नाही.

लाडक्या : हो, साहेब. हल्या, हल्या! बघ, शिपाया, घराकडं तोंड असलं की हलत नाय, उलट्या वाटेला कसं धावतात!

हरिभाऊ : बोलू नकोस, जा!

राही : हळू घे रं! आतलं... माझं अंग हिंदळतंय.

फौजदार : हं. येऊ दे आता. हाक जोरात! बांबू वर आहे, कुणी अडवत नाही. अरे! थांबले की.

लाडक्या : बोललो ना.

फौजदार : विलक्षण आहे. या, शिपाई, पुढं या. पण हे दोन्ही बैल तुमच्या खिशाला नाक का लावताहेत?

हरिभाऊ : मुकं जनावर आहे, साहेब. माया.

फौजदार : खिशात काय आहे तुमच्या?

हरिभाऊ : साहेब, झडतीला वाजवी संशय लागतो. हुकुमात 'गाडी' म्हटलंय खरं, पण गाडीला जे लागू, ते शिपायाला नको का?

फौजदार : ...मुद्दा बरोबर आहे. पुढच्या हुकुमात घालीन. बैलाच्या मिशीला गूळ लागलाय, तो मी पाहिला नाही असं समजा. बरं, बाई, तुमच्या कपाळाला ही हळद कसली?

राही : लगीन हाय.

फौजदार : कुणाचं?

राही : माझं.

फौजदार : आपलं? कुणाशी?

राही : ह्याच्याशी.

फौजदार : आणि हा आपला कोण?

राही : नवरा.

फौजदार : शिपाई, हे काय आहे?

हरिभाऊ : सगळं खरं आहे, साहेब. बाई एका शब्दानं खोटं बोलली नाही.

फौजदार : असू दे. पण मला घोड्यावरून उतरल्यापासून एक वास येतो आहे. तुम्हाला येतो का?

हरिभाऊ : येतो, साहेब.

फौजदार : कशाचा?

हरिभाऊ : मोहाचा.

राही : मेल्या!

हरिभाऊ : वर बघा, साहेब. चौकी मोहाखाली बांधलीय. चैत्रात रात्रभर फुलं पडतात, दिवसभर उन्हात आंबतात. या नाक्यावरून फक्त सुपारी घेऊन गेलेल्या माणसालाही हा वास येतो. माझ्या मुंडाशाला येतो. घरी बायको रोज विचारते, आणि रोज मी शपथ घेतो.

फौजदार : म्हणजे वास गाडीचाच, असं सांगता येणार नाही.

हरिभाऊ : गाडीवर संशय घ्यायचा, तर सगळ्यांवरच घ्यावा लागेल. तुमचा घोडा मघापासून तीच फुलं खातोय, साहेब. त्याच्या तोंडाचा वास घेऊन बघा.

फौजदार : अरे! सोड! सोड ते! ...हं. येतो.

लाडक्या : त्याला ऊन टाळून न्या, साहेब. चढते.

फौजदार : शिपाई, आता नीट ऐका आणि जेवढं विचारतो, तेवढंच सांगा. या गाडीत तुमच्या डोळ्यांना काही दिसलं?

हरिभाऊ : गवत, साहेब. वर राहीबाई.

फौजदार : नाकाला काही वेगळं कळलं? झाडापेक्षा, घोड्यापेक्षा वेगळं?

हरिभाऊ : नाही, साहेब.

फौजदार : मग झालं. संशय आहे, पण वाजवी नाही. आणि गाडी तुम्ही अडवलेली नाही, बैलांनी अडवली. बैल दरबारच्या चाकरीत नाहीत, सबब त्यांचा पट्टा उतरवता येत नाही. गाडी जाऊ द्या.

लाडक्या : साहेब, परवा लगनाला या.

हरिभाऊ : लाडक्या!

फौजदार : नको, बाबा. तिथं आलो, तर मोहाचं झाड कुठं आहे ते मला शोधावं लागेल. सुखानं नांदा. म्हणजे, नांदत राहा. येतो मी. चल रे... सरळ चाल!

लाडक्या : गेला. घोडा मातर तिरका चाललाय.

राही : शिपाया, त्यानं डोळ्याचं इचारलं, नाकाचं इचारलं. कानाचं इचारलंच नाय.

हरिभाऊ : हो.

राही : इसरला?

हरिभाऊ : हुकूम त्यानंच लिहिलाय, राहीबाई. तो कसा विसरेल?

लाडक्या : बरा माणूस हाय, मी आधीच बोललो. तू तरी ये परवा. धवलेरीच्या बाजूला बसवतो तुला.

हरिभाऊ : येईन. पट्टा घरी ठेवून येईन.

राही : एक खरं सांग. इतकी वर्सं आम्हाला थांबवायचास, गवत उपसायचास. तवा कसला संशय होता तुला?

हरिभाऊ : कसलाच नव्हता गं. या वाटेला दिवसदिवस कुणी फिरकत नाही. गाडी थांबवली की तुम्ही बसायचात जरा. नवसूला दात आला, तो इथं सांगितलात. नागलीचं पीक बुडालं, ते इथं सांगितलंत. नुसतं 'बस' म्हणायचा मला हुकूम नव्हता, 'थांब' म्हणायचा होता.

लाडक्या : आन आता तो पण नाय.

हरिभाऊ : आता तोही नाही. पुढच्या बाजाराला बांबू वर असेल. सरळ निघून जायचं.

राही : मग बैलांना तो गूळ दे आता, तवा हलतील. आन सांग त्यांना, कायदा बदलला म्हणून.

हरिभाऊ : गूळ देतो. सांगायचं राहू दे.