डोळ्याखाली कापलेला गुलाब

आदरणीय अध्यक्षा श्रीमती वच्छलाताई गायधने, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत ते आपल्या परसबाग मंडळाचे सचिव श्री. मधुकररावजी हटवार, त्यांच्या सहधर्मचारिणी प्रमोदिनीताई, व्यासपीठावरील मान्यवर, आणि मागून जेवणाचा वास येत असूनही खुर्च्या न सोडलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

सूत्रसंचालन करणाऱ्या रितिकाने मला पाच मिनिटं दिली आहेत. सर्वांत जुनी सभासद म्हणून दोन गोड शब्द बोला, असं तिने फोनवर बजावलंही आहे. वेळ पाळण्याचा प्रयत्न करीन. गोड शब्दांचं बघू.

हटवारजींविषयी चांगलं बोलण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते खरं आहे. आपल्या सभा वेळेवर सुरू होऊ लागल्या त्या त्यांच्यामुळे. कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर लोक कचरा टाकत. तिथे त्यांनी कडुनिंब लावून घेतले आणि भर उन्हाळ्यात स्वतः पाइप ओढत नेऊन ते जगवले. प्रमोदिनीताईंच्या सांबारवडीशिवाय आमची एक बैठक झाल्याचं मला आठवत नाही. उद्या रात्रीच्या गाडीने हे दोघं मुलाकडे बंगळूरला कायमचे चालले आहेत. कॉलनी त्यांची आठवण काढील. मी तर रोज काढीन.

मघाशी पडद्यावर मंडळाच्या कामाचे फोटो दाखवले. ‘छाटणी सप्ताह’ या नावाखाली एक भिंत दिसली. आधी मागच्या बहरातली, पिवळ्या फुलांनी भरलेली, मग बोडकी, मग हिरवे कोंब फुटलेली. खाली लिहिलं होतं, ‘छाटणीची किमया’. त्यावर एका मान्यवरांनी आयुष्यातही छाटणीशिवाय बहर नाही, असं सांगितलं आणि टाळ्या पडल्या. बोलायला किती सोपं असतं ना? ज्याची छाटणी होते त्याला व्यासपीठावर कोणी बोलावत नाही.

ती भिंत माझ्या घराची आहे. त्या टाळ्या ऐकल्या आणि लिहून आणलेलं भाषण मी पर्समध्ये परत ठेवलं.

नव्या सभासदांसाठी सांगते. त्या भिंतीवर पिवळा वेली गुलाब होता. त्याचं मूळ झाड आमच्या यजमानांच्या आत्याच्या, म्हणजे इंदूबाईंच्या अंगणात होतं, कुही गावात. जातीचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. इंदूबाई नुसतं ‘पिवळी’ म्हणायच्या. यजमानांनी तिथली एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि घरच्या जंगली गुलाबाच्या खुंटावर तिचा डोळा भरला. मी बॉटनी घेऊन बी.एस्सी. झालेली, पण मी भरलेले सगळे डोळे सुकले. यांचा लागला. तेव्हापासून ऐकते आहे, “डिग्री तुही, झाड माहं.”

इतवारीच्या बाजारातून लोखंडी पाइप आणून आम्ही कमान केली. वेली गुलाब सरळ वर सोडला तर फक्त शेंड्याला फुलतो, म्हणून दरवर्षी एकेक फांदी वाकवून आडवी बांधायची. माझे हात ओरबाडून निघत. पण फेब्रुवारीत पिवळी अशी फुलायची, की अमरावती रोडने वाडीकडे जाणाऱ्या ट्रकांचा धूर आमच्या फाटकापाशी हरायचा. काय म्हणावं त्या वासाला? थोडा चहाच्या कोरड्या पत्तीचा, थोडा पिकल्या पेरूचा. कुहीतला रस्ता रुंद झाला तेव्हा इंदूबाईंचं अंगण गेलं, अंगणातलं झाडही गेलं. आमच्या माहितीत पिवळी एकच उरली, आमच्या भिंतीवरची.

पुढे काचबिंदूने यजमानांची नजर गेली. त्यांचं वाचन गेलं, फिरणं गेलं, पत्ते गेले. पिवळी तेवढी राहिली. फुलं आली की सकाळी खुर्ची तिच्याखाली. आज डावीकडच्या फांदीला जास्त आलीत, असं वासावरून सांगायचे. बऱ्याचदा चुकायचे, आणि चुकले की माझ्याशी भांडायचे. वर्षभर माणसाने वाट पाहावी असं त्यांच्याजवळ तेवढं एकच होतं.

रितिका, चिठ्ठी पाठवू नकोस. घड्याळ मलाही दिसतं.

दसऱ्यानंतर मी दोन दिवस बहिणीकडे अमरावतीला गेले होते. हटवारजींची छाटणी मंडळी नेमकी तेव्हा आली. घरी यजमान आणि आमच्याकडे कामाला येणारी कौशल्या. पुढचं तिनेच मला सांगितलं.

“काकाजी, गुलाबाची छाटणी करून देऊन राहिलो, चालते ना?” हटवारजींनी विचारलं.

“करा गा. तेवढंच तिचं काम हलकं होईल,” यजमान म्हणाले, आणि सर्वांसाठी चहा ठेवायला लावला.

कौशल्या मध्ये पडली. “बाईले येऊ द्या ना जी. त्या वेलीले त्या कोणाले हात लावू देत नाही.”

“बाई आल्या की खुश होतील वं. तू चहा पाहा,” हटवारजी म्हणाले.

बागेतल्या साध्या गुलाबांना दसऱ्यानंतर छाटतात, तसं या मंडळींनी वेलीलाही छाटलं. वेली गुलाब जुन्या फांद्यांवर फुलतो, तो असा छाटत नाहीत. तेवढंच असतं तर मी चार दिवस बोलले असते आणि दोन-तीन वर्षं वाट पाहिली असती. पण जाड बुंध्यावर कमानीमुळे करवत नीट चालेना, म्हणून ती आणखी खाली लावली. डोळ्याच्या खाली.

परसबाग मंडळाच्या सभासदांना डोळा म्हणजे काय हे सांगावं लागू नये. पण मघाच्या टाळ्या ऐकल्या, म्हणून सांगते. कलमी गुलाब म्हणजे दोन झाडं असतात. खाली जंगली खुंट, त्याची आपल्याला फक्त मुळं हवी असतात. त्याच्या सालीत हव्या त्या गुलाबाचा एक डोळा बसवतात आणि वरचं सगळं झाड त्या डोळ्यातून येतं. डोळ्याच्या वर कुठेही कापा, झाड परत येईल. डोळ्याच्या खाली कापलं की जे फुटतं तो खुंट असतो. पडद्यावर ज्या कोंबांना आपण टाळ्या दिल्या, ते रानगुलाबाचे आहेत. एका देठावरची पानं मोजायची तसदी कुणी घेतली असती, तर पाचाच्या जागी सात दिसली असती. पिवळी मेली आहे. छाटलेल्या फांद्या त्याच दिवशी कचरागाडीत गेल्या, त्यामुळे नवा डोळा घ्यायलाही काही उरलं नाही.

मी हटवारजींना हे घरी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “काकू, काहून रागावता? गुलाबच आहे, फुटते.” फुटल्यावर त्याचा फोटो काढून त्यांनी ग्रुपवर टाकला. मी पुन्हा गेले, तर दुसऱ्या दिवशी नर्सरीतून पिवळ्या गुलाबाची कुंडी घेऊन आले. मन वाईट नाही त्यांचं, हे मला मान्य आहे. यजमानांनी त्या फुलाला नाक लावलं आणि कुंडी माझ्याकडे सरकवली. म्हणाले, “पिवळं असंल, तू म्हणून राहिलीस तर.”

आता जे सांगायचं आहे ते एवढंच. यजमान आज घरीच आहेत, आणि झाड गेल्याचं त्यांना ठाऊक नाही. त्या कोंबांवरून ते रोज हात फिरवतात. गेल्या आठवड्यात मला हाक मारली. “इकडं ये वं. हात लाव. किती जोरानं फुटून राहिला पाहा. मी हो म्हटलं म्हणून तू दोन दिवस बोलली नाहीस माह्याशी. आता बोल!” आणि हसले. फेब्रुवारी उजाडला आहे. रोज सकाळी खुर्ची मागतात, बसतात आणि विचारतात, कळी दिसते का.

तुम्हीच का सांगत नाही, असं इथे कुणाच्या मनात आलं असेल. मी सांगितलं तर त्यांना एवढंच ऐकू येईल, की आपल्या एका ‘हो’ने झाड गेलं. ते खोटं आहे. त्यांनी छाटणीला हो म्हटलं होतं. कुठे कापता आहात हे पाहायची सोय त्यांना नव्हती. हटवारजी, ती तुम्हाला होती. म्हणून हे तुम्हीच सांगायचं. झाड गेलं, हे सांगायचं. तुमच्या हातून गेलं, हे सांगायचं. आणि काकाजी, यात तुमचा काही दोष नाही, हे शेवटी आणि स्पष्ट सांगायचं. बंगळूरहून फोनवर नाही. त्यांच्या खुर्चीसमोर बसून.

आपण सर्वांनी एक करा. आज परतताना आमच्या फाटकाशी थांबून कुणी हळहळू नका. ही बातमी त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये.

अध्यक्षांनी मला मध्येच थांबवलं नाही, त्यांचे आभार. आपण निमूट ऐकून घेतलंत, आपलेही आभार. प्रमोदिनीताई, तुमच्या निरोपाच्या दिवशी हे बोलावं लागलं, याबद्दल तुमची माफी मागते, फक्त तुमचीच. बाकी बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव, कुणाचा मान राहून गेला असेल, तर वयाकडे पाहून चालवून घ्या.

हटवारजी, तुमची गाडी रात्रीची आहे. उद्या सकाळी या. चहा मी करीन. बोलायचं तुम्ही.