डाव्या दंडाला दोन सुया

पुतळी: अवो, वर करा बघू हात. पूर्ण वर. देवाला हात जोडतो माणूस, तेवढा तरी.

रघू: नाय होत गो. दंडात कुणी जात्याची तळी कोंबल्यागत झालंय.

पुतळी: दुसरा करा.

रघू: त्याला काय धाड भरलीय? हा बघ, पंख्याला लागेल. दोन्ही सुया डाव्याला घेतल्यात, उजवा मोकळाच हाय.

पुतळी: दोन्ही एकाच दंडाला? मला तर एक इकडं नि एक तिकडं दिली होती.

रघू: मीच सांगितलं त्या नर्सबाईला. म्हटलं, फ्लूची काय नि करोनाच्या बूस्टरची काय, दोन्ही एकाच हाताला टोच. एक हात मला कामाला धड पाहिजे. गणपती तोंडावर आलेत, कारखान्यात चाळीसेक मूर्ती डोळ्यांवाचून बसल्यात. त्यांची आखणी काय तुझा बाप येऊन करणार?

पुतळी: माझ्या बापाला सोडा. मला एवढंच सांगा, डोळे काढायचा तुमचा हात कुठला?

रघू: कुठला म्हंजे? हा आपला... आयला!

पुतळी: आता कसं! उभ्या जोहे गावात डावरा रघू म्हणून ओळखतात तुम्हाला. पेणचे व्यापारी बोर्ड वाचत नायत, डावऱ्याचा कारखाना कुठं म्हणून विचारत येतात. आणि तुम्ही डावा दंड पुढं केलात!

रघू: अगो, तिनं विचारलंन, काका, जेवता कुठल्या हातानं? मी म्हटलं, उजव्या. खोटं सांगितलं काय? आयेनं उलथनं मारून मारून उजव्यानं जेवायला लावलं, ते काय त्या बाईला सांगत बसू?

पुतळी: कुंचल्याचं सांगायचंत.

रघू: कुंचल्याचं तिनं विचारलंनच नाय! आणि मी डोळे गच्च मिटून बसलेलो. सुई बघितली की माझं डोकंच चालत नाय, तुला ठावं हाय ना? पहिल्या डोसाला नाय का, बाकड्यावरनं घसरलो होतो.

पुतळी: ठावं हाय. तुमचे पाय मीच उचलून धरले होते. लोक पाणी घेऊन धावत आले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रघू: हसू नको गो. हसलीस की तुझा आवाज दंडात जातो.

पुतळी: निलेशला सांगा आज डोळे काढायला. आपला पोरगा तिशीला आला, कवा देणार त्याच्या हातात कुंचला?

रघू: निलेशनं काढलेले डोळे वटारलेले दिसतात. गणपती भक्ताकडं बघतो का हप्ता मागायला आलाय, तेच कळत नाय.

पुतळी: बरं, असू दे. जरा इकडं या... अवो, कपाळ चटका देतंय! सकाळधरनं बोलला नाय ते?

रघू: चुलीजवळ बसलो होतो म्हणून असेल.

पुतळी: चुलीजवळ मी बसले होते. तुम्ही गोधडी घेऊन कोपऱ्यात बसलात, मी म्हटलं पावसाचा गारठा लागला. थांबा, आपल्या भूमिकानं दिलेलं ते ताप बघायचं काढते.

रघू: कशाला ते? सगळं अंग ठेचून निघालंय, ताप पण असायचाच. सगळ्यांनाच येतो. शेजारच्या बायजाला तर बूस्टर घेतल्यावर दोन दिवस चहा कडू लागत होता.

पुतळी: बायजाचं नका सांगू. ती दंडाला चमचा चिकटतो का म्हणून बघत बसली होती. चिकटला नाय तर म्हणाली, मला खोटं इंजेक्शन दिलं! मी नाय का दोन्ही घेतली? भूक तेवढी लागली जास्तीची, बाकी काय नाय.

रघू: तुला कसला ताप येतो? तापालाच तुझी भीती.

पुतळी: तोंड बंद. काखेत धरा हे... बघा. एकशे एकच्या वर गेलाय.

रघू: आता?

पुतळी: आता काय! उद्या बारसं हाय नातीचं, नि आज तुम्ही ताप काढून बसलात. महिना झाला मी सांगतेय, घ्या, घ्या. भूमिका घसा फोडून सांगतेय की पोरगी आठव्यात झालीय, नाजूक हाय, तिला जो हातात घेणार त्यानं आधी दोन्ही सुया घ्यायच्या. मी दुसऱ्या दिवशी घेऊन आले. तुम्ही आज मातीचा ट्रक आला, उद्या गिऱ्हाईक आलं. आणि घेतल्यात कवा, तर बारशाच्या आदल्या दिवसाच्या आदल्या दिवशी!

रघू: भीती वाटत होती गो मला. आता झालं ना? घेतल्यात ना?

पुतळी: घेतल्यात हो, शहाणे माझे. पाणी प्या.

रघू: पुतळे, मी दर खेपेला रोह्याला जातो नि उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून चहा पिऊन येतो. तू आत जातेस, मांडीवर घेतेस, बाहेर येऊन सांगतेस, अशी हसली नि तशी बघितली. मी दारातनं बघावं तर दुपट्याचं गाठोडं. फोनवर बघावं तर झोपलेली. हजारो गणपतींचे डोळे काढले ह्या हातानं, सख्ख्या नातीचे कसे हायत ते मला अजून ठावं नाय.

पुतळी: म्हणून मी काय सांगते ते ऐका. सुईचा ताप हाय हा, उद्यापर्यंत उतरेल. आता एक गोळी घ्या, रात्री एक, सकाळी निघताना एक. अंग गार दिसेल. भूमिकाला बोलायचं नाय.

रघू: आणि दंड?

पुतळी: दंड सदऱ्याच्या आत असतो. तो कोण बघणार?

रघू: जाम डोकं चालतं तुझं. दे गोळी.

पुतळी: फोन वाजतोय. तिचाच असणार. सरळ बोला, कण्हू नका. हॅलो, भूमिका? बोल गो. बाबा हितंच हायत, मोठ्या आवाजावर टाकते.

भूमिका: आई, सकाळची गाडी पकडा, उन्हं वर यायच्या आत पोचाल. स्टेशनवर हर्षद येईल, तुमच्या जावयाने उद्याची शिफ्ट बदलून घेतलीय. बाबा, ऐकतोयस ना?

रघू: ऐकतो, ऐकतो.

भूमिका: दोन्ही घेतलीस म्हणे! मला खरंच वाटेना. मी म्हटलं आईने धरून नेलं असणार.

पुतळी: एकटे गेले हो. मला बोलले पण नायत. घरी येऊन सांगितलं तवा कळलं.

भूमिका: एकटा? बाबा, तू एकटा गेलास सुई घ्यायला?

रघू: त्यात काय मोठं? माणसं जातात.

भूमिका: चक्कर नाही ना आली? दुखतंय का?

रघू: दंड जरासा. बाकी काय नाय.

भूमिका: ऐक ना, मी इथे सगळ्यांना सांगून ठेवलंय. अनितावन्सं कानात नाव सांगतील, पाळणा म्हणून होईल, आणि बाळाला पाळण्यातून काढलं की पहिली तुझ्या मांडीवर. त्याच्या आधी कुणी हात लावायचा नाही. सासूबाईच म्हणाल्या, रघूभाऊ इतके दिवस बाहेर बसले बिचारे, आता पहिला मान त्यांचा. बाबा? आहेस ना? आवाज येत नाहीय.

पुतळी: हायत, हायत. आनंदानं बोलवत नाय त्यांना.

भूमिका: बाबा?

रघू: भूमिका... मला ताप हाय गो.

पुतळी: अवो!

रघू: एकशे एकच्या वर. तुझी आई म्हणत होती, गोळ्या घेऊन यायचं, तुला सांगायचं नाय. मी पण हो म्हटलं होतं.

पुतळी: घ्या! मलाच पुढं केलं!

भूमिका: आई, तू ना... बाबा, खोकला आहे? घसा दुखतोय?

रघू: नाय. अंग दुखतंय नि थंडी वाजते.

भूमिका: मग तो इंजेक्शनचाच असेल. मला सातव्या महिन्यात फ्लूचं घेतलं तेव्हा रात्रभर अंग मोडून आलं होतं, सकाळी ठणठणीत. तो ताप दुसऱ्याला लागत नाही बाबा. ये तू. मास्क लाव आणि ये.

रघू: सुईचाच हाय हे मला कोण लिहून देणार? परवा मुंबईचं एक गिऱ्हाईक कारखान्यात तासभर खोकत बसलेलं, मी त्याच्या तोंडासमोर उभा. तो ताप असला तर?

भूमिका: नसेलही ना!

रघू: ती काचेच्या पेटीत होती तवा मी बघितलीय. नाकात नळी, रंगाच्या वाटीएवढं तोंड. तू बाहेर भिंतीला टेकून उभी होतीस, रडत पण नव्हतीस. ते मला परत बघायचं नाय. मी नाय येत उद्या.

भूमिका: मग मी बारसंच पुढे ढकलते.

रघू: येडी हायस काय? घुगऱ्यांचे हरभरे भिजत घातले असतील तुझ्या सासूनं. पाव्हणे निघालेत.

भूमिका: घातले तर घातले. तुझ्याशिवाय मला नको बारसं.

रघू: रडू नको गो बाय. तू रडलीस की ती पण रडेल. माझ्यासाठी त्या एवढ्याशा पोरीला बिननावाची ठेवतेस? आई येईल ना.

पुतळी: मी पण नाय जात. तापातल्या माणसाला टाकून कशी जाऊ?

रघू: तू जायचं. तू नाय गेलीस तर पाळणा कोण म्हणणार? मला निलेश पेज करून देईल. डोळे वटारलेले काढतो, पेज बरी करतो.

भूमिका: बाबा, डॉक्टरांना विचारते मी. ताप गेल्यावर दोन दिवस थांबून आलास तर चालेल का, ते. आणि त्या दिवशी घरात कुणी नसेल. तू, मी आणि ती.

रघू: विचार. मी थांबतो.

(पुढचा गुरुवार, दुपार. रोहा. ताप कधीच उतरला आहे. तोंडाला मास्क लावून, हात साबणाने चोळचोळून धुऊन रघू भूमिकेच्या घरी आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसला आहे. बाळ झाल्यापासून हा उंबरा त्याने आज पहिल्यांदा ओलांडलाय.)

भूमिका: नीट टेकून बस. मान सांभाळ हं. डोकं कोपराच्या आत घे.

रघू: मला शिकवतेस? जन्म गेला मूर्ती उचलण्यात. सोंडेला धक्का लागला नाय कवा.

भूमिका: मूर्ती हलत नाहीत, बाबा. आणि शू करत नाहीत.

रघू: करू दे. आण इकडं... अगो, हिला वजनच नाय!

भूमिका: आता भरलीय तरी. धरलीस? सोडू मी?

रघू: सोड... सोड. हाय माझ्याकडं.

भूमिका: बाबा, श्वास घे. मास्कच्या आत श्वास कोंडून बसलायस तू.

रघू: बोलू नको जरा.

भूमिका: बरं.

रघू: आर्वी... आर्वी नाव ठेवलं तुझं, व्हय गो? मी आजोबा तुझा. बाहेर बसायचो तो.

भूमिका: डोळे पुस. थांब, मीच पुसते, तुझे हात अडकलेत. मूर्ती झाल्या का रे सगळ्या?

रघू: झाल्या. आईनं हाताखाली उशी बांधून दिली, त्यावर मनगट टेकवून काढले डोळे. मोठ्या मूर्ती मी केल्या, लहान निलेशला दिल्या.

भूमिका: निलेशदादाला? तू दिलास कुंचला?

रघू: दिला. बरे काढलेन. दोघं-तिघं वटारलेत, पण चालतील. त्याला सांगू नको मी बरे म्हटलं ते.

भूमिका: त्याने मला कालच फोन करून सांगितलं. बाबा बघून काय बोललाच नाही, म्हणजे आवडले, म्हणाला. पण मग तुझा दंड? ताप गेला तरी त्याच हाताने काम केलंस, दुखत असेल.

रघू: ठणकतो.

भूमिका: आणि तिचं डोकं त्याच हातावर घेतलंयस! दे, उजव्या हाताला देते.

रघू: नको. उजवा जेवायचा हात. हिला कामाच्या हातावर घ्यायची.

भूमिका: हट्टी आहेस. आता तर दूध पिऊन झोपलीय, तास-दोन तास उठायची नाही ती. पाळण्यात ठेवते, उठली की परत देईन. शप्पथ.

रघू: राहू दे.

भूमिका: अवघडशील, बाबा. दंड दुखतोय ना?

रघू: दुखू दे. तू जा, सकाळपासून दोन घास पोटात गेले नसतील, गरम वाढून घे. मी बसतो हितं, ती डोळे उघडीपर्यंत.